जर्मन बी१ परीक्षा सहा आठवड्यांवर आलीय, बोलायची आणि लिहायची तयारी नेमकी कशी करू?

मिरजेचा_पोरगा

नमस्कार मंडळी, मी पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, घर मिरजेला. पुढे मास्टर्सला जर्मनीत जायचं डोक्यात आहे म्हणून जर्मन करतोय. अकरावी-बारावीला जर्मन घेतलं होतं, मार्क पण छान पडले, पण तेव्हा सगळं उतारे, भाषांतर आणि रिकाम्या जागा भरा असंच होतं त्यामुळे तोंड कधी उघडावंच लागलं नाही. आता गोएथे इन्स्टिट्यूटची बी१, म्हणजे मधल्या पातळीची परीक्षा द्यायचीय, वाचन, ऐकणं, लिहिणं, बोलणं अशी चारही मॉड्यूल एकदमच, आणि सहा आठवडे उरलेत.

परवा क्लासमध्ये सराव परीक्षा झाली. वाचनात ८२, ऐकण्यात ६४, लिहिण्यात ४९, आणि बोलण्याचं तर सांगवत नाही. समोर पार्टनर बसलेली, तिने मला साधा प्रश्न विचारला की शनिवारी भेटूया का, आणि मला कळला पण होता हो प्रश्न, पण उत्तर आधी मराठीत आलं मग इंग्रजीत केलं मग जर्मनमध्ये करायला गेलो तोवर ती दुसरं वाक्य बोलून मोकळी. पाच-सहा सेकंद नुसती शांतता. घरी आल्यावर रात्रभर तेच डोक्यात.

क्लासमध्ये सांगतात की दहा पत्रं आणि दहा प्रेझेंटेशन पाठ करून टाका, त्यातलंच येतं. खरंच तसं करावं का? रूमवर सगळे मराठी, जर्मन बोलायला कोणी नाही. कॉलेज, सबमिशन धरून रोज दीड तास मिळतो, रविवारी जास्त. त्या दीड तासात काय करू ते सांगा प्लीज. बी१ साठी २४०० शब्दांची यादी आहे ती पण अर्धीच झालीय त्याचं वेगळंच टेन्शन.

कोथरूड_३८

भावा टेन्शन घेऊ नको, मी गेल्या वर्षी यातूनच गेलोय. पहिली गोष्ट म्हणजे चारही मॉड्यूल वेगवेगळी मोजली जातात, प्रत्येकाला १०० पैकी ६० हवेत, एकात राहिलास तर तेवढंच परत देता येतं. मी स्वतः लिहिण्यात ५४ वर अडकलो होतो आणि तेवढंच परत दिलं.

आणि का अडकलो ते सांगतो कारण तुझ्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. मी पण पत्रं पाठ केली होती, चांगली बारा. परीक्षेत पहिला प्रश्न आला मित्राला ईमेल, विषय वाढदिवसाचा, आणि मला वाढदिवसाचं पत्र पाठ होतं म्हणून मी खुशीत सगळं उतरवून काढलं. पण खाली जे तीन मुद्दे दिलेले असतात ना, त्यातला एक होता की तुला मिळालेली कुठली भेट सगळ्यात जास्त आवडली आणि का आवडली, आणि माझ्या पाठ केलेल्या पत्रात भेटीचं नावच नव्हतं. शेवटी एक ओळ कशीतरी चिकटवली. ते तीन मुद्दे म्हणजेच प्रश्न आहे रे, त्यातला प्रत्येक मुद्दा पत्रात दिसलाच पाहिजे. आणि अख्खं उत्तरच भलत्या विषयावर गेलं तर भाषा कितीही सुंदर असू दे त्या प्रश्नाचे शून्य.

लिहिण्याला ६० मिनिटं असतात. मित्राला ईमेल साधारण ८० शब्द, मग चर्चेत आपलं मत साधारण ८० शब्द, आणि शेवटी औपचारिक ईमेल साधारण ४० शब्द. मार्क ४०, ४० आणि २०. मी दुसऱ्या वेळेला २०, २५ आणि १५ मिनिटं अशी वाटणी केली आणि मोबाइलचा टायमर लावून आठवड्याला तीन पूर्ण सेट लिहिले, पेनने, कागदावर. लॅपटॉपवर लिहून सराव केला की स्पेलिंग आपोआप दुरुस्त होतं आणि मग परीक्षेत हात थरथरतो. हे मी खूप जणांना सांगतो.

बोलण्यासाठी पार्टनर शोध, दुसरा इलाज नाही. परीक्षा जोडीनेच असते, त्यातला पहिला भाग म्हणजे दोघांनी मिळून काहीतरी ठरवायचं, ते आरशासमोर एकट्याने कसं करणार? तुझ्या बॅचमधलाच कोणीतरी घे, रोज वीस मिनिटं फोनवर, फक्त जर्मन. पहिले चार दिवस अवघडल्यासारखं होतं, पाचव्या दिवशी शेजारच्याशी बोलतोय असं वाटायला लागतं.

जर्मनच्या_बाई

बाळा, मी पुण्यात बावीस वर्षं जर्मन शिकवते आणि तुझ्यासारखी मुलं दर वर्षी बघते. तुझ्या लिहिण्यातलं एक वाक्य मला फार महत्त्वाचं वाटलं. मराठीत आलं, मग इंग्रजीत केलं, मग जर्मनमध्ये. हा मधला इंग्रजीचा थांबाच काढून टाक. मराठीतून थेट जर्मनमध्ये जा. आपल्या मुलांना शाळेपासून सवय लागलेली असते की परदेशी भाषा म्हणजे इंग्रजीवरूनच जायचं, आणि तिथेच वेळ जातो. जर्मनच्या कितीतरी गोष्टी इंग्रजीपेक्षा मराठीला जवळच्या आहेत.

आता बघ. 'मला वाटतं की तो आज येतो.' जर्मनमध्ये 'इश ग्लाउबं, दास एर हॉयटं कोम्ट.' 'दास' म्हणजे आपला 'की', आणि त्यानंतर तो, आज, येतो. शब्दाला शब्द तसाच, क्रियापद शेवटी. 'कारण मी आजारी आहे', 'वाइल इश क्रांक बिन'. मी, आजारी, आहे. इंग्रजीवरून गेलेला मुलगा हमखास क्रियापद मध्ये घालतो आणि मार्क घालवतो. फक्त मुख्य वाक्यात मात्र क्रियापद दुसऱ्या जागेवर, तिथे मराठी चालत नाही, तेवढं वेगळं घोटून घ्यायचं.

आकड्यांचं तसंच. मुलं म्हणतात जर्मन आकडे उलटे असतात. उलटे कुठे आहेत? आपण सत्तावीस म्हणतो, आधी सात मग वीस, ते 'झीबन-उंट-त्स्वान्त्सिश' म्हणतात, आधी सात मग वीस. इंग्रजीतून ऐकलंस तर ७२ लिहिशील, मराठीतून ऐकलंस तर २७ च लिहिशील. एकोणतीस, एकोणचाळीस ही नऊवाली घराणी तेवढी वेगळी, ती सोड.

वेळेचं पण सांगते कारण ऐकण्याच्या परीक्षेत यावर बरेच पडतात. 'हाल्ब द्राय' म्हणजे अडीच, साडेतीन नाही. द्राय म्हणजे तीन ऐकू येतं आणि मुलं साडेतीनवर खूण करतात. आपला अडीच हा शब्द संस्कृत अर्धतृतीयवरून आलाय, म्हणजे तिसऱ्यातला अर्धा, अगदी तीच रीत. बाकी पावणे आणि सव्वा आपल्याकडे आहेतच, त्यांच्याकडे 'फिर्टल फोर' आणि 'फिर्टल नाख'. मराठी घरातल्या मुलाला हे शिकवावं लागत नाही, फक्त आठवण करून द्यावी लागते.

लिंगं तीन, तो ती ते, डेर डी दास (हा 'की'वाला दास नव्हे). तीन असतात ही गोष्ट तुला पचवावी लागत नाही हे केवढं मोठं आहे. पण कुठलं कुठे ते मात्र जुळत नाही, आपला सूर्य तो आणि त्यांची सूर्य ती, 'डी झोनं'. म्हणून शब्द पाठ करताना एकटा शब्द कधीच पाठ करू नकोस, डेर-डी-दास लावूनच. आणि २४०० शब्दांच्या यादीचं टेन्शन घेऊ नकोस, ते सगळे ओळखता यावेत म्हणून आहेत, सगळे तुझ्या तोंडून निघायला पाहिजेत असं कोणी म्हणत नाही.

उच्चाराला पण मार्क असतात, बोलण्यातल्या १०० पैकी १६. 'त्साइट', 'त्सेन' यातला जो पहिला आवाज आहे तो म्हणजे आपल्या चमच्यातला च, चहातला नाही. हा आवाज मराठी मुलाला फुकट मिळालाय, आणि तरी मुलं इंग्रजी झेडसारखं 'झेन' म्हणतात! यू-उमलाउटसाठी, म्हणजे डोक्यावर दोन टिंबं असलेल्या यूसाठी, 'ई' म्हणत राहा आणि जीभ न हलवता ओठ 'ऊ' सारखे गोल कर, आला आवाज. हे करायलाच पाहिजे कारण 'द्रुकन' म्हणजे छापणं आणि 'द्र्युकन' म्हणजे दाबणं.

आणि लिहिताना एक कायम लक्षात ठेव, आपल्या लिपीत मोठं अक्षर छोटं अक्षर नसतंच, त्यामुळे जर्मन नामाचं पहिलं अक्षर मोठं काढायचं हे आपला हात विसरतो. शेवटची तीन मिनिटं फक्त त्यासाठी राखून ठेव, बाकी काही वाचायचं नाही, नामं शोधायची आणि अक्षर तपासायचं.

तू एक काम कर. एक औपचारिक ईमेल इथेच लिहून टाक, मी बघते. विषय असा घे की बुधवारी तुझ्या जर्मनच्या बाईंच्या तासाला तुला यायला जमणार नाही, माफी माग, कारण दे.

भटक्या_जीव

ऐकण्यासाठी डॉयचे वेले या जर्मन वाहिनीच्या साइटवर सावकाश वाचलेल्या बातम्या मिळतात, फुकट, सोबत लेखी मजकूर पण असतो. आधी न बघता ऐकायचं मग मजकूर बघायचा. बसमध्ये होतं आरामात. आणि गोएथेच्या साइटवर बी१ चे नमुना सेट आहेत ऑडिओसकट, ते सोडवल्याशिवाय जाऊ नको. ऐकण्यात चार भाग असतात, पहिला आणि चौथा दोनदा ऐकवतात, मधले दोन एकदाच. एकदाच ऐकवतात त्यात एक उत्तर सुटलं तर सोडून दे, तिथेच अडकलास तर पुढची तीन जातात.

मिरजेचा_पोरगा

बाई खूप खूप आभार, तुम्ही एवढं लिहिलंत. ते अडीचचं वाचून मी रूममेटला पण सांगितलं, त्याला जर्मन येत नाही तरी तो पण खूश झाला. ईमेल लिहिली, १५ मिनिटं टायमर लावून, वहीत. इथे सगळे बाकी देवनागरीत लिहितायत म्हणून मी पण तशीच उतरवतो.

'झेअर गेएर्टं फ्राउ के., इश कान आम मिटवोख निश्ट कोमन, वाइल इश हाबं आइनन आर्ट्स्ट-टेर्मीन. इश बिन झेअर ट्राउरिश. कान्स्ट डू मिअर डी हाउसआउफगाबन शिकन? इश कोमं आम फ्राइटाग. फीलं ग्र्युसं.'

माझ्या मते बरी झालीय. ११ मिनिटांतच झाली.

जर्मनच्या_बाई

छान, लिहिलंस हेच आधी महत्त्वाचं. आता एकेक बघू.

'वाइल इश हाबं आइनन आर्ट्स्ट-टेर्मीन.' इथेच इंग्रजी आलं बघ. मराठीत मनात म्हण, 'कारण मला डॉक्टरची अपॉइंटमेंट आहे.' आहे कुठे आलं? शेवटी. म्हणून 'वाइल इश आइनन आर्ट्स्ट-टेर्मीन हाबं'. पण 'आइनन' बरोबर लिहिलंस, 'आइन' नाही लिहिलंस, म्हणजे व्याकरण तुला येतंय, फक्त घाई झाली.

'इश बिन झेअर ट्राउरिश' म्हणजे मी फार दुःखी आहे. तास बुडाला म्हणून कोणी असं म्हणत नाही, जणू घरात काहीतरी वाईट घडलंय असं वाटतं वाचणाऱ्याला. माफी मागायची तर 'एस टूट मिअर लाइट'.

सगळ्यात मोठी चूक 'कान्स्ट डू'. सुरुवात केलीस 'झेअर गेएर्टं', म्हणजे माननीय बाई, आणि मध्येच 'तू मला गृहपाठ पाठवशील का'? तू मिरजेत तुझ्या शाळेतल्या बाईंना अरे-तुरे करशील का? नाही ना. हे तुझ्या कानाला मराठीत लगेच खुपेल, मग जर्मनमध्ये पण खुपायला पाहिजे. 'क्योन्टन झी मिअर बिटं डी हाउसआउफगाबन शिकन?' झी म्हणजे आपलं तुम्ही, आपण. आणि तिथे मोठं अक्षर. शेवट पण 'फीलं ग्र्युसं' हा मित्राला शोभतो, इथे 'मिट फ्रॉयंटलिशन ग्र्युसन', आणि त्यानंतर स्वल्पविराम नाही. सुरुवातीला संबोधनानंतर स्वल्पविराम असतो आणि पुढची ओळ छोट्या अक्षराने सुरू होते, तेवढं वहीत तपासून घे, देवनागरीत मला दिसत नाही ते.

शब्द मोजले, ३१ झाले. साधारण ४० हवेत. तुझ्याकडे चार मिनिटं शिल्लक होती, म्हणजे एक वाक्य सहज बसलं असतं, कधी भेटून बोलता येईल असं विचार.

आता हीच ईमेल उद्या सकाळी न बघता परत लिही. नवीन नको, हीच. मुलं रोज नवीन पत्र लिहितात आणि रोज त्याच चुका करतात. दुरुस्त केलेलं एकच पत्र तीनदा लिहिलंस तर ते हातात बसतं, आणि हे पाठांतर नाही बरं का, हे वळण लागणं आहे.

स्टुटगार्टची_नर्स

उशिरा लिहितेय, ड्युटी होती. मी मूळची सोलापूरची, बाडेन-व्युर्टेम्बेर्गमध्ये हॉस्पिटलला आहे, बी१ आणि मग बी२ दोन्ही भारतात दिल्या. बोलण्याच्या परीक्षेचं थोडं सांगते कारण त्यावर कोणी नीट लिहिलं नाही.

आधी १५ मिनिटं एकट्याने तयारीला मिळतात, कागद मिळतो. तिथे पूर्ण वाक्यं लिहू नको. मी लिहिली होती आणि नंतर आत गेल्यावर माझीच वाक्यं मला वाचता येईनात, आणि वाचून दाखवायचं नसतंच मुळी, मोकळं बोलायचं असतं. फक्त शब्द लिही, पाच-सहा. प्रेझेंटेशनला दोन विषयांतला एक निवडायचा असतो आणि पाच टप्पे दिलेले असतात, विषय काय, माझा अनुभव, माझ्या देशात कसं आहे, फायदे-तोटे आणि माझं मत, आणि मग शेवट व आभार. या पाच टप्प्यांना जोडणारी वाक्यं खुशाल पाठ कर, ती प्रत्येक विषयाला लागतात. मधलं मात्र खरं सांग. 'माझ्या देशात' आलं की मुलं भारताबद्दल काहीतरी मोठंमोठं बोलायला जातात आणि शब्द संपतात. मी मुलांच्या हातातल्या मोबाइलवर बोलले होते, मी सांगितलं की माझी भाची जेवताना मोबाइल बघते आणि माझी आई तो काढून घेते आणि मग दोघी रुसतात. सगळे शब्द ए२ चे, म्हणजे बी१ च्या खालच्या पातळीचे होते. परीक्षक हसल्या आणि माझी भीती गेली.

तुला जी शांतता वाटली ना पाच सेकंदांची, त्यासाठी तोंडात तीन-चार वाक्यं तयार ठेव. 'मोमेंट, इश मुस कुर्त्स नाखडेंकन', जरा विचार करते. 'वी माइन्स्ट डू दास?', म्हणजे तुला नेमकं काय म्हणायचंय. 'क्योन्टेस्ट डू दास बिटं वीडरहोलन?', परत सांगतोस का. हे विचारलं म्हणून मार्क कापत नाहीत, खऱ्या बोलण्यात माणसं हेच करतात, मी आज पण वॉर्डात दिवसातून दहा वेळा करते. आणि ठरवायच्या भागात पार्टनरच्या प्रत्येक गोष्टीला हो हो करू नको, सगळ्याला हो म्हटलं की बोलणं एका मिनिटात संपतं आणि मार्क द्यायला काही उरत नाही. तिने शनिवार म्हटलं तर म्हण शनिवारी मला क्लास आहे, रविवारी सकाळी जमेल का, आणि कारण दे, दिलंस की 'वाइल' पण आलं.

प्रेझेंटेशननंतर पार्टनरला एक प्रश्न विचारावा लागतो आणि तिच्या बोलण्यावर दोन शब्द बोलावे लागतात. ती बोलत असताना मनात आपलं प्रेझेंटेशन घोकत बसलास तर विचारायला काही सुचणार नाही. ऐक. तिच्या एका वाक्यावर बोट ठेव आणि त्यावरच विचार.

बाईंनी वेळेचं लिहिलं त्यात माझं एक, इकडे आमच्या भागात लोक सव्वादोनला 'फिर्टल द्राय' आणि पावणेतीनला 'द्राय-फिर्टल द्राय' म्हणतात. परीक्षेपुरतं नको, पण पुढे इकडे आलास तर उपयोगी पडेल. पहिल्या महिन्यात एका आजोबांनी फिर्टल द्रायला गोळी मागितली आणि मी त्यांना तीन-तीनदा विचारत बसले, मग त्यांनी घड्याळावर बोट ठेवून दाखवलं.

कोथरूड_३८

ताई ते पार्टनरला विरोध करायचं एकदम बरोबर. आम्ही सरावात चिठ्ठ्या करायचो, एकाला 'नाही म्हण' अशी चिठ्ठी यायची.

वाईची_सायली_नाही

मी पण त्याच सुमारास बी१ देतेय, साताऱ्यात राहते, क्लास ऑनलाइन आहे त्यामुळे बोलायला मलाही कोणी नाही. माझं लिहिणं बरं आहे पण बोलताना घाबरते. रात्री साडेनऊनंतर वीस मिनिटं जमतील का? कॅमेरा बंद ठेवून चालेल.

मिरजेचा_पोरगा

चालेल चालेल, नक्की! मेसेज करतो. आजच सुरू करू, मी चिठ्ठ्या पण करून ठेवतो. पहिला विषय घेऊ मित्राच्या घर बदलण्यात मदत कशी करायची, आज 'नाही' माझ्याकडे.

बाई, ईमेल सकाळी उठल्या उठल्या परत लिहिली. 'वाइल'चं आपोआप शेवटी गेलं, मनात मराठीत म्हटलं आणि हात बरोबर चालला. 'झी' पण आलं. शब्द ४२. दोन नामांना छोटं अक्षर काढलं होतं, शेवटच्या तीन मिनिटांत सापडलं. आता मत मांडायचं ८० शब्दांचं घेतोय, उद्या रात्री टाकतो इथे.

जर्मनच्या_बाई

टाक. या वेळी देवनागरीत नको, वहीच्या पानाचा फोटो टाक, मला अक्षरं बघायचीयत.